आकडा सोमवारी हातात हवा

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

युरोपात आश्रय मागणाऱ्या लोकांविषयी आपण गेल्या आठवड्यात अर्धं पान मजकूर दिलात, त्याबद्दल आधी आभार. मराठी वर्तमानपत्रात या विषयाला इतकी जागा क्वचित मिळते. मजकुरासोबत एक चौकट होती. वर्षभरात किती अर्ज आले, आदल्या वर्षापेक्षा किती टक्क्यांनी वाढले, सर्वाधिक कोणत्या देशात, असं सारं त्यात होतं. माझी सगळी नोकरी आकडे गोळा करण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगते, ज्यांच्याविषयी हा आकडा आहे त्यांना त्याचा काहीही उपयोग नाही. तो छापून येतो तोवर त्या माणसांनी तंबूत एक हिवाळा काढलेला असतो.

मी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागातून विस्तार अधिकारी (सांख्यिकी) या पदावरून निवृत्त झाले. या विषयाकडे माझं लक्ष गेलं ते मुलीमुळे. २०१५ साली ती म्युनिकला शिकत होती. त्या सप्टेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी म्युनिकच्या मुख्य स्टेशनवर सुमारे २० हजार माणसं उतरली. बहुतेक जण हंगेरी आणि ऑस्ट्रिया ओलांडून आलेले, त्यात सीरियातले पुष्कळ. ती आणि तिच्या मैत्रिणी पाणी, डायपर, लहान मुलांचे कपडे घेऊन फलाटावर उभ्या होत्या. फोनवर तिने मला एवढंच सांगितलं, की इथे मदतीला माणसं भरपूर आहेत, पण पुढच्या गाडीत किती येतील हे कुणाला सांगता येत नाही. ते ऐकल्यापासून मी हा विषय वाचत आले आहे.

खरंच कुणालाच अंदाज येण्यासारखा नव्हता का? १ डिसेंबर २०१४ ला जागतिक अन्न कार्यक्रमाने पैसे संपले म्हणून शेजारच्या देशांतल्या १७ लाखांहून अधिक सीरियन निर्वासितांची अन्नकुपनं थांबवली. काही दिवसांनी ती पुन्हा सुरू झाली खरी, पण पुढच्या उन्हाळ्यात लेबनॉनमध्ये माणशी महिन्याची मदत १३.५० डॉलरवर आली. रेशन तुटलं की कुटुंब किती दिवस वाट बघतं, हे आपल्या जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाणा तालुक्यांत काम केलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. त्यानंतर ग्रीसच्या बेटांवर बोटीने उतरणाऱ्यांची संख्या पाहा. जूनमध्ये सुमारे ३१ हजार, जुलैत ५५ हजार, ऑगस्टमध्ये १ लाख ८ हजार, सप्टेंबरमध्ये १ लाख ४७ हजार, ऑक्टोबरमध्ये २ लाख ११ हजार. वर्षभरात साडेआठ लाखांच्या वर.

आता या आकड्यांना दोन महिने उशीर लावून बघा. दोन महिने हा आकडा मी मनाने घेतलेला नाही. युरोपीय संघाचा सांख्यिकीचा जो कायदा २००७ मध्ये झाला, त्यानुसार आश्रय अर्जांची मासिक आकडेवारी महिना संपल्यापासून दोन महिन्यांत युरोस्टॅटकडे, म्हणजे संघाच्या सांख्यिकी कार्यालयाकडे, पाठवायची असते. अधिकृत, तपासलेली, एकमेकांशी जुळणारी आकडेवारी हवी तर एवढा वेळ लागतोच, त्यात युरोस्टॅटला दोष नाही. पण जूनचे ३१ हजार ऑगस्टअखेर टेबलावर येतात, तेव्हा किनाऱ्यावर लाखाच्या वर माणसं उतरून गेलेली असतात. ३१ हजारांच्या हिशोबाने मागवलेली चादरी-औषधं पहिल्याच आठवड्यात संपणार.

आपल्याकडे गोदावरीचा पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, असं सांगत सगळं नाशिक पुलावर जमतं. सराफ बाजारातला दुकानदार मात्र माल वर हलवतो तो गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं हे ऐकून, आणि धरणावरच्या माणसाची नजर असते त्र्यंबक आणि आंबोलीच्या पावसावर. मारुतीपाशी दिसणारं पाणी हे वरच्या कित्येक तासांपूर्वीच्या पावसाचं असतं.

युरोपात हे वरचं मोजमाप करायचं काम एका छोट्या संस्थेकडे आहे. माल्टा बेटावर वालेट्टा इथे २०११ मध्ये युरोपियन असायलम सपोर्ट ऑफिस सुरू झालं. १९ जानेवारी २०२२ पासून त्याचं रूपांतर युरोपियन युनियन एजन्सी फॉर असायलममध्ये झालं आहे. या संस्थेने पूर्वसूचना आणि पूर्वतयारीसाठी आकडे गोळा करण्याची स्वतंत्र पद्धत बसवली, आणि २०१४ पासून सदस्य देश, नॉर्वे व स्वित्झर्लंड यांच्याकडून ठरलेल्या नमुन्यात दरमहा माहिती घ्यायला सुरुवात केली. पुढे आठवड्याचे आकडेही येऊ लागले. हे आकडे म्हणजे वेगळं सर्वेक्षण नव्हे. आश्रय कार्यालयातला कारकून रोजच्या कामासाठी जी नोंद करतोच, तीच बेरीज करून लगेच पुढे पाठवायची. नंतर ती थोडी दुरुस्त होईल, हे सगळ्यांना मान्य असतं.

यातली सर्वांत मोलाची गोष्ट मला वाटते ती रकान्यांची. आश्रय मागणारा माणूस एका झटक्यात मोजला जात नाही. आधी तो सीमेवर किंवा पोलिसांपुढे सांगतो की मला संरक्षण हवं आहे. मग नोंद होते, मग रीतसर अर्ज दाखल होतो, मग मुलाखत, मग निर्णय, मग अपील. प्रत्येक पायरीवर माणसं थांबलेली असतात, आणि कुठल्या पायरीवर किती थांबलीत यावर ठरतं की उद्या काय कमी पडणार आहे: दुभाषे, झोपायच्या जागा की निर्णय लिहिणारे अधिकारी. एकच एक ‘अर्ज’ हा रकाना बघितला तर काय होतं, याचं जर्मनीइतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

जर्मनीत २०१५ मध्ये रीतसर अर्ज दाखल झाले ४ लाख ७६ हजार ६४९. २०१६ मध्ये झाले ७ लाख ४५ हजार ५४५. हे दोनच आकडे चौकटीत छापले तर कुणीही म्हणेल, २०१६ मध्ये जास्त लोक आले. प्रत्यक्षात २०१५ मध्ये सुमारे ८ लाख ९० हजार माणसं आली होती आणि २०१६ मध्ये सुमारे २ लाख ८० हजार. म्हणजे येणारे एक तृतीयांशाच्याही खाली गेले होते आणि तक्ता मात्र वर चढत होता. कारण सरळ आहे. २०१५ मध्ये आलेल्यांना अर्ज द्यायची तारीखच मिळत नव्हती. ते २०१६ मध्ये दाखल झाले.

आणि ते ८ लाख ९० हजारही सहज हाती आलेले नाहीत. जानेवारी २०१६ मध्ये जर्मन सरकारने जाहीर केला होता तो आकडा सुमारे १० लाख ९२ हजारांचा. आलेल्या माणसांना निरनिराळ्या राज्यांत वाटून देण्यासाठी जी संगणकीय नोंद होत होती, तिच्यातून तो काढला होता. त्या नोंदीत माणसाचं नाव नसायचं. एका शहरात नोंदवलेला माणूस नातेवाईकांकडे दुसऱ्या शहरात गेला की तिथे पुन्हा नोंदला जायचा, आणि कुणी पुढे स्वीडनला निघून गेला तरी नोंद तशीच राहायची. सप्टेंबर २०१६ मध्ये सरकारने दुरुस्त आकडा जाहीर केला. मला त्या कर्मचाऱ्यांविषयी आदर वाटतो. चुकीसह का होईना, त्यांच्याकडे त्या त्या आठवड्याचा आकडा होता, म्हणून राज्यांना शाळांची सभागृहं आणि जुन्या लष्करी बराकी मोकळ्या करता आल्या. अचूक आकड्यासाठी थांबले असते तर लोक फलाटावर राहिले असते.

हंगेरीचं उलटं. तिथे २०१५ मध्ये १ लाख ७७ हजारांहून अधिक अर्ज नोंदले गेले, पण अर्ज करणारे बहुतेक लोक काही दिवसांत पुढे निघून गेले. तक्त्यात हंगेरी युरोपातल्या सर्वाधिक अर्जांच्या देशांत दिसते. तिथली निवाऱ्याची गरज त्या आकड्यावरून काढली असती तर हिशोब साफ चुकला असता. सोडून दिलेल्या अर्जांचा रकाना शेजारी ठेवल्याशिवाय ते कळत नाही.

पूर्वसूचनेचं हे काम मला ओळखीचं वाटतं, कारण आमच्या खात्यात तेच होतं, फक्त माणसांऐवजी आजारांचं. २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आला आणि एस, पी, एल असे तीन फॉर्म दर आठवड्याला भरायची पद्धत पडली. एस फॉर्म उपकेंद्रातली नर्स भरते, फक्त लक्षणांवरून: ताप किती, जुलाब किती. पी फॉर्म डॉक्टर भरतात, त्यांच्या संशयानुसार. एल फॉर्म प्रयोगशाळेचा, खात्री झालेल्या रुग्णांचा. सर्वांत कच्ची माहिती एस फॉर्ममध्ये असते आणि साथ सर्वांत आधी तिथेच दिसते. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत विहिरीत क्लोरिन टाकायचं थांबवायचं नसतं, हे आम्हाला पहिल्याच प्रशिक्षणात शिकवलं होतं.

निरंक अहवाल, म्हणजे ‘एकही रुग्ण नाही’ असं कळवणारा अहवाल, या गोष्टीचं महत्त्व मला त्याच कामात कळलं. एका पावसाळ्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्राचा अहवाल लागोपाठ दोन आठवडे आला नाही. जिल्ह्याच्या तक्त्यात त्या केंद्रापुढे शून्य दिसत होतं. तेव्हाच्या आमच्या जिल्हा साथरोग अधिकाऱ्यांना ते शून्य खटकलं. त्यांनी मला विचारलं, हे निरंक आहे की अहवालच नाही? मी फोन लावला. अहवाल भरणारे आरोग्य सहायक रजेवर होते आणि डोंगरावरच्या दोन पाड्यांवर जुलाबाचे रुग्ण घरोघरी होते. त्याच दुपारी तिथे पथक गेलं. त्यानंतर माझ्या तक्त्यात निरंकसाठी एक खूण आणि न आलेल्या अहवालासाठी दुसरी खूण असायची, आणि सोमवारी बाराच्या आत ज्यांचा अहवाल नाही त्यांना मी स्वतः फोन करायची. लोक कंटाळायचे. पण पूर्वसूचनेचा अर्धा जीव त्या फोनमध्ये असतो.

युरोपच्या पद्धतीतही हेच घडलं असणार याची मला खात्री वाटते. तीस देश, तीस तऱ्हेची नोंदवही. काही ठिकाणी एका कुटुंबाची एक फाइल, काही ठिकाणी प्रत्येक माणसाची वेगळी. पुन्हा केलेला अर्ज नवा धरायचा की जुना, हा वाद वेगळाच. म्हणून त्या संस्थेने प्रत्येक देशातला आकडे देणारा माणूस नेमून घेतला, त्यांचा एक गट केला, आणि कोणत्या रकान्यात काय धरायचं हे सगळ्यांनी बसून ठरवलं. अशा बैठकांची बातमी कुठे होत नाही. आकडा लवकर मिळतो तो त्याच बैठकांमुळे.

आकडा वेळेवर आला म्हणून काम होतंच असं नाही, हेही मी लपवणार नाही. कोणता अर्ज कोणत्या देशाने तपासायचा हे ठरवणाऱ्या युरोपातल्या डब्लिन नियमावलीत २०१३ च्या सुधारणेने ३३ वं कलम आलं. एखाद्या देशाच्या आश्रयव्यवस्थेवर ताण येतोय असं दिसलं तर आधी सूचना, मग प्रतिबंधक आराखडा, मग संकटकाळचा आराखडा, अशी पायऱ्यांची व्यवस्था त्यात लिहिलेली होती. २०१५ च्या गदारोळात ते कलम औपचारिकरीत्या वापरलंच गेलं नाही. सूचना कागदावर होती, पण ती मिळाल्यावर कोणी उठायचं हे राजकारणावर सोडलेलं होतं. त्याच सप्टेंबरमध्ये हंगेरीने सर्बियाच्या सीमेवरचं कुंपण पूर्ण केलं. येणाऱ्यांचा आकडा पाहून कुणी तंबू उभारतो, कुणी कुंपण. माझ्या मते ज्या आकड्यासोबत ‘एवढं झालं की अमुक अधिकाऱ्याने अमुक करायचं’ हे आधीच लिहिलेलं नाही, तो पूर्वसूचनेचा आकडाच नव्हे.

याउलट २०२२ मध्ये, युक्रेनवर २४ फेब्रुवारीला हल्ला झाला आणि ४ मार्चला युरोपीय संघाने तात्पुरत्या संरक्षणाचा २००१ चा निर्देश पहिल्यांदाच लागू केला. लाखो लोकांना एकेका मुलाखतीच्या रांगेत न उभं करता राहण्याचा, काम करण्याचा, मुलांना शाळेत घालण्याचा हक्क मिळाला. मनात आणलं तर आठ दिवसांत निर्णय होऊ शकतो.

आता आपल्याकडे येते. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि आश्रयासाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. तरी माणसांना जागा देण्याचा आपला इतिहास लहान नाही. कोल्हापूरजवळ वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, त्यात बायका-मुलंच अधिक, राहून गेले. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे १ कोटी माणसं आली तेव्हा मी शाळेत होते. पत्रावर नेहमीच्या तिकिटाखेरीज पाच पैशांचं निर्वासित साहाय्याचं तिकीट लावावं लागायचं, आणि वडील ते मला चिकटवायला द्यायचे. एवढ्या दूर मनमाडला बसून आपण कुणाच्या तरी जेवणाला हातभार लावतोय, हे त्या वयात मला फार मोठं वाटलं होतं.

नाशिक जिल्ह्यात आज आश्रय मागणारे परदेशी नाहीत. पण दरवर्षी घर सोडून येणारी माणसं आहेत. भात आणि नागली घरात आली, दिवाळी झाली, की पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर तालुक्यांतली कुटुंबं दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांकडे निघतात. गोडी छाटणीनंतरची कामं, विरळणी, डिपिंग, मग खुडा. उन्हाळ्यापर्यंत ती बागेच्या कडेला पाल टाकून किंवा शेडमध्ये राहतात. काही कुटुंबं गुजरातेत वलसाडकडे जातात. युद्धातून पळालेल्या माणसांशी त्यांची तुलना मी करत नाही. त्यांच्या जाण्यामागची कारणं वेगळी, त्यांचे हक्क वेगळे, ते आपल्याच जिल्ह्याचे नागरिक आहेत. मला म्हणायचं आहे ते मोजण्याबद्दल. पालावरच्या मुलाचं नाव सुरगाण्याच्या अंगणवाडीच्या यादीत असतं आणि मूल निफाडमधल्या पिंपळगावला. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस चुकतो. क्षयरोगाच्या गोळ्या मध्येच थांबतात. बाळंतपणाची तारीख जवळ आलेली बाई कोणत्या उपकेंद्राच्या हद्दीत आहे हे दोन्हीकडच्या नर्सना माहीत नसतं.

शासनाने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. महिला व बालविकास विभागाची स्थलांतरित लाभार्थ्यांचा माग ठेवणारी प्रणाली राज्यात आली आहे. शाळा शिक्षण हमी पत्र देतात. रेशन कार्ड कुठेही चालतं. २०२१ पासून ई-श्रम पोर्टल आहे. पण ही सारी एकेका व्यक्तीची नोंद आहे, आणि तीही माणूस एकदा पोचल्यानंतरची. या आठवड्यात कोणत्या गटातून, म्हणजे पंचायत समितीच्या हद्दीतून, किती कुटुंबं निघाली, कोणत्या गावात उतरली, नेहमीपेक्षा जास्त की कमी, हे सांगणारा एक पानाचा तक्ता माझ्या माहितीत कुठल्याही टेबलावर येत नाही. जनगणना तर २०११ नंतर झालेलीच नाही. तेव्हा जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाख होती. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, म्हणजे नेमकी द्राक्षाच्या खुड्याच्या ऐन हंगामातली.

असा तक्ता नसला की काय होतं ते आपण २०२० मध्ये मुंबई-आग्रा महामार्गावर पाहिलं. ठाणे-मुंबईकडून चालत निघालेली माणसं इगतपुरीचा घाट चढून येत होती आणि आज किती येणार हे कुणाला माहीत नव्हतं. १ मे २०२० च्या रात्री नाशिकरोडहून भोपाळसाठी श्रमिक विशेष गाडी सुटली. देशातल्या पहिल्या काही गाड्यांपैकी ती एक. त्या काळात निवारा केंद्रांवर याद्या करायला माणसं हवी होती म्हणून निवृत्त असूनही मी जात असे. नाव, गाव, जिल्हा, सोबत मुलं किती. ज्यांच्याकडे कागद नाही त्यांचाही रकाना आम्ही ठेवला होता. सप्टेंबरमध्ये संसदेत विचारलं गेलं, की टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर दगावले, तेव्हा केंद्रीय श्रम मंत्रालयाचं उत्तर होतं की अशी आकडेवारी ठेवलेली नाही. ते उत्तर वाचून मला जे दुःख झालं ते मी शब्दांत मांडू शकत नाही. ज्यांना मोजलं नाही त्यांच्या घरच्यांना भरपाई कशाच्या आधारे द्यायची?

माझी मागणी छोटी आहे. पालघर, नंदुरबारही करू शकतील, पण नाशिकने आधी करावं, कारण निघणारे आणि पोचणारे दोन्ही तालुके एकाच जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत आहेत. नवा सर्व्हे नको, नवा ॲप नको. रेशन दुकानातल्या पॉस मशिनवर पेठचं कार्ड पिंपळगावात लागलं की ती नोंद त्याच दिवशी होतेच. पेठ आणि कळवण आगारातून सुटणाऱ्या गाड्यांची तिकीटविक्री एसटीकडे असते. शाळेची हजेरी, अंगणवाडीत वजनाच्या दिवशी न आलेली मुलं, आशाताईंच्या वहीतली बंद घरं, सगळं लिहिलेलं आहे. फक्त ते एकत्र येत नाही, किंवा येतं तेव्हा मार्चअखेरच्या अहवालात येतं. दर सोमवारी प्रत्येक गटातून पाचच आकडे यावेत: गेलेली कुटुंबं, आलेली कुटुंबं, त्यांतली सहा वर्षांखालची मुलं, गरोदर बायका, आणि पाल पडलेल्या जागा. काही नसेल तर निरंक, पण तोही सोमवारीच.

त्याची तुलना गेल्या महिन्याशी करू नये. दिवाळीनंतर संख्या वाढणारच. मागच्या तीन वर्षांच्या त्याच आठवड्याशी करावी. नेहमीपेक्षा दीडपट कुटुंबं एखाद्या गटातून निघाली, किंवा नेहमीच्या तीन आठवडे आधी निघाली, तर तिथे भात गेलं आहे, रोजगार हमीचं काम निघालेलं नाही किंवा पाणी आटलं आहे, असं समजून गटविकास अधिकाऱ्यांनी त्याच आठवड्यात गावात जावं. आणि ज्या गावात ती उतरली तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी लसीकरणाचं सत्र पालावर लावावं. उंबरठा आणि कृती दोन्ही आदेशातच लिहिलेली असावीत. पहिल्या वर्षी तुलनेला जुना आकडा नसेल, तर पहिलं वर्ष नुसतं मोजण्यात गेलं तरी चालेल.

एका गोष्टीबद्दल मात्र मी फार आग्रही आहे. या तक्त्यात नाव नको, आधार नको, मोबाइल नंबर नको. युरोपात माल्टाच्या त्याच आश्रय संस्थेने एकेकाळी आश्रय मागणाऱ्यांच्या आणि त्यांना आणणाऱ्यांच्या समाजमाध्यमांवरच्या चर्चेवर नजर ठेवून अहवाल बनवायला सुरुवात केली होती. २०१९ मध्ये युरोपच्या डेटा संरक्षण पर्यवेक्षकांनी कायदेशीर आधार नाही म्हणून ते बंद पाडलं, आणि योग्यच केलं. आमच्या पाड्यांवर यादी म्हटलं की लोक आधी विचारतात, यातून रेशन तर कापणार नाही ना? ती भीती रास्त आहे. तयारीसाठी किती हे पुरेसं असतं, कोण हे लागत नाही. गाव इतकं लहान असेल की एक गरोदर बाई म्हणताच कोण ते कळेल, तर तिथला आकडा पंचायत समितीच्या गणाच्या, म्हणजे आसपासच्या गावांच्या, बेरजेत मिळवावा.

२०२७ च्या सिंहस्थासाठीची कामं शहरात चालू आहेत आणि त्यांवर बाहेरच्या राज्यांतले मजूर आहेत. साधुग्राम, घाट, रस्ते, सगळीकडे. त्यांचाही रकाना याच तक्त्यात घालता येईल. २७ ऑगस्ट २००३ ला रामकुंडाच्या वाटेवरच्या चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली, तेव्हापासून गर्दी मोजण्याची यंत्रं दर सिंहस्थाला वाढत गेली आहेत. भाविक मोजले जातील. भाविकांसाठी रस्ता करणारेही मोजले जावेत.

आपल्याकडून एक अपेक्षा. लासलगावच्या कांद्याचे भाव आणि गंगापूर धरणाची टक्केवारी आपण रोज छापता. जिल्हा प्रशासनाने हा तक्ता सुरू केला तर मंगळवारच्या अंकात त्यांच्या शेजारी त्याला दोन इंचांची जागा द्या, आणि ज्या गटाचा अहवाल आला नाही त्या गटापुढे ‘अहवाल नाही’ असं स्पष्ट छापा. शून्य छापू नका.

भातकापणीआधी आदेश निघाला तर येत्या हंगामापासून मोजणी सुरू होऊ शकते. नमुना तक्ता मी तयार केला आहे, रकान्यांच्या व्याख्यांसह. तो मी जिल्हा परिषदेकडे आणि आपल्या कार्यालयातही पोचवत आहे. गटांतल्या कर्मचाऱ्यांना तो समजावून द्यायला कुणी हवं असेल तर मी पेठ, सुरगाणा, कुठेही यायला तयार आहे.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त विस्तार अधिकारी (सांख्यिकी)
पंचवटी, नाशिक